जात्यांची फरशी : सेंट आल्बन्स या जुन्या इंग्रजी पेठेची हकीकत

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत दिलेलें व्याख्यान)



आज मी इंग्लंडांतील एका बाजारपेठेची हकीकत सांगणार आहें. कोणी म्हणेल, इंग्रजांनीं सव्वाशें वर्षें आपल्यावर राज्य केलें तें काय थोडें झालें, म्हणून आतां त्यांच्या गांवच्या गोष्टी ऐकायच्या? म्हणणें खोटें नाहीं. पण आपल्याला जो इंग्रज भेटला तो कलेक्टराच्या खुर्चींतला. त्याच्या देशांत आपल्यासारखा नांगर धरणारा, माग चालवणारा, भाता फुंकणारा माणूस होता कीं नव्हता, त्याच्या घरांत जातें होतें कीं नव्हतें, हें शाळेच्या पुस्तकांत आपल्याला कोणीं सांगितलें नाहीं. पुस्तकांत राजे आले, लढाया आल्या, व्हाइसरॉय आले. जातें कांहीं आलें नाहीं. आजची हकीकत जात्याची आहे. म्हणून आया-बहिणींनीं थोडें पुढें सरकून बसावें.

गांवाचें नांव सेंट आल्बन्स. लंडनच्या उत्तरेस सुमारें दहा कोसांवर, टेकडीवर वसलेलें. टेकडीच्या पायथ्याशीं व्हेर नांवाची लहानशी नदी आहे, आणि नदीपलीकडे दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन लोकांचें व्हेरुलेमियम नांवाचें शहर होतें. इसवी सन ६० च्या सुमारास बूडिका नांवाच्या राणीनें रोमन लोकांच्या जुलमाविरुद्ध उठून तें जाळलें. पुढें तें पुन्हां बांधलें गेलें. याच शहरांत आल्बन नांवाच्या माणसानें पळून आलेल्या एका ख्रिस्ती उपदेशकाला घरांत आसरा दिला, आणि शिपाई आले तेव्हां त्याच्याऐवजीं स्वतः पुढें झाला. त्याचें डोकें त्या टेकडीवर उडवलें, अशी कथा आहे. इंग्लंडांत ख्रिस्ती धर्मासाठीं मेलेला हा पहिला माणूस मानतात.

आतां पाहा. शरण आलेल्या परक्याला घरांत घेऊन मरणारा माणूस एक, आणि त्याच्या नांवानें पुढें उभें राहिलेलें संस्थान दुसरें. रोमन गेले, शहर ओस पडलें. सन ७९३ मध्यें ऑफा नांवाच्या राजानें आल्बनाच्या जागीं मठ स्थापला असें परंपरा सांगते. त्या मठाला जमिनी मिळाल्या, खेडीं मिळालीं, जंगल मिळालें, नदी मिळाली. नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर १०७७ सालीं पॉल नांवाचा महंत आला. त्यानें ओस रोमन शहराच्या विटा उचलून आणून टेकडीवर प्रचंड देऊळ बांधलें. त्या विटांचा मनोरा आजही उभा आहे. साधु बेनिडिक्टच्या पंथाचे होते. गरिबीची शपथ घेत. साधु एकटा गरीब असे. पण साधूंचें मंडळ मिळून अर्ध्या तालुक्याचें मालक असे. आपल्याकडे देवाच्या नांवावर इनाम जमीन असे आणि खाणारा दुसराच असे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं.

बाजाराची कथा अशी. दहाव्या शतकांत वुल्सिन नांवाच्या महंतानें मठाच्या दारापुढें बाजार वसवला आणि गांवाच्या तीन वाटांवर तीन देवळें बांधलीं, असें मठाच्याच बखरींत लिहिलें आहे. वाटसरू, यात्रेकरू आणि व्यापारी या सगळ्यांना गांवांतून जावें लागावें, ही त्यांतली मख्खी. जागेचा आकार सुपासारखा, एका टोकाला रुंद आणि मठाकडे निमुळता. गुरांची जागा वेगळी, गव्हाची वेगळी, मांस-मासळीचीं दुकानें वेगळीं, कातड्याचीं वेगळीं. आरंभीं नुसत्या पालांखालीं माल मांडत; पुढें पालांची लांकडी दुकानें झालीं, दुकानांचीं घरें झालीं, आणि मोकळ्या बाजारांत अरुंद बोळ पडले. ते बोळ अजून आहेत.

१०८६ सालीं राजा विल्यमनें साऱ्या मुलखाची पाहणी करून दप्तर बांधलें. त्यांत या पेठेंत ४६ नागरिक कुळें लिहिलीं आहेत. शेतीवरचीं नव्हेत, पेठेंतलीं. विणकर, रंगारी, चांभार, खाटीक, लोहार, भटारी, असे हे लोक. पण पेठ त्यांची नव्हती. बाजाराचा कर मठाचा, कज्जा ऐकणारा मठाचा, तुरुंग मठाच्या वेशींत, रान मठाचें, नदींतला मासा मठाचा, शेतांतला ससासुद्धां मठाचा. आसपासच्या खेड्यांतल्या रयतेची दशा याहून वाईट. ती जमिनीला बांधलेली; धन्याच्या शेतांत वेठ करी, मुलीचें लग्न करायचें तर धन्याला पैसे भरी, आणि घरधनी मेला तर गोठ्यांतलें उत्तम जनावर धनी ओढून नेई.

या सगळ्यांत लोकांना अधिक झोंबलें तें दळण.

महंतानें नदीवर पाणचक्क्या बांधल्या होत्या. नियम असा कीं पेठेंतल्या आणि खेड्यांतल्या प्रत्येकानें आपलें धान्य मठाच्या चक्कींतच दळावें आणि दळणावळ म्हणून धान्याचा वाटा चक्कींत ठेवावा. पाणचक्की म्हणजे कष्ट वांचवणारें चांगलें यंत्र. त्याला कोण नांवें ठेवील? ज्या बाईला पहांटे तिसऱ्या प्रहरीं उठून दोन पायली दळावें लागे तिला विचारा. पण चक्कीला जायचें कीं नाहीं हें घरानें ठरवायचें कीं धन्यानें, हा खरा प्रश्न. घरीं जातें आहे, हात आहेत, मूठभर जव आहेत. मग कोसभर चालून जावें, रांगेंत बसावें, धान्य द्यावें आणि उरलेलें पीठ घेऊन यावें हें कशासाठीं? लोक घरींच दळूं लागले. महंतानें घरचें जातें गुन्हा ठरवलें.

कापडाचीही तीच गत. लोकरीचें कापड विणल्यावर पाण्यांत तुडवून, कुटून घट्ट करावें लागतें. विणकर तें घरीं पायांनीं तुडवून करीत. मठानें त्यासाठीं पाण्यावर चालणारे लांकडी ठोकळे बसवले आणि कापड तेथेंच आणलें पाहिजे असा हुकूम काढला. म्हणजे ताट आणि वस्त्र, दोहोंच्या वाटेवर महंताचें नाकें.

१२७४ सालीं या दोन गोष्टींवरून मोठें भांडण पेटलें. महंताचे लोक घरांत शिरून कापड उचलूं लागले. पेठेनें वर्गणी काढून राजाच्या न्यायालयांत फिर्याद नेली. त्याच सुमारास एलेनॉर राणी गांवाला आली. पेठकरांनीं बायकांना पुढें केलें. राणीला तरी बाईचें दुःख कळेल असा हिशोब. महंताला बातमी लागली, तेव्हां त्यानें राणीला दुसऱ्या वाटेनें मठांत आणण्याची योजना केली. गांवाला तें कळलें, बायका तेथेंही जाऊन पोंचल्या, आणि राणीनें महंताला त्याबद्दल बोल लावला. खटला मात्र पेठ हरली. न्यायालयांत कागद लागतो आणि कागद मठांत होते. लॅटिन भाषेंत लिहिलेले, मठांतल्या पेटींत ठेवलेले, मठांतल्याच माणसांना वाचतां येणारे. आपल्याकडे कुलकर्ण्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे हें रयतेला कळत नसे, आणि रयतेची जमीन मात्र त्या दप्तरांत असे, हा काळ आपल्या आज्या-पणज्यांनीं भोगला आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर राज्यांतून कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, तें याच दुखण्यावर औषध होतें.

पुढें १३२७ साल उजाडलें. दुसरा एडवर्ड राजा गादीवरून उतरवला गेला, राज्यांत गोंधळ माजला. पेठकर उठले आणि त्यांनीं मठाला वेढा दिला. त्यांच्या मागण्या सरळ होत्या : पार्लमेंटांत पाठवायचे दोन प्रतिनिधि आम्हीं निवडावे, पेठेच्या शिवेच्या आंत मठाचा अंमल नसावा, रानांत आणि नदींत आमचा जुना हक्क मानावा, आणि घरीं जातें ठेवायला मोकळीक असावी. मठ नमला. सनद मिळाली. लोकांनीं वाजत-गाजत शिवेवरून फेरी घातली आणि घरोघरीं जातीं मांडलीं. सुमारें ऐंशी जातीं बसलीं असें सांगतात. त्या पांच वर्षांत त्या घरांत पहांटेचा आवाज कसा आला असेल, हें तुम्हांला सांगायला नको.

आतां हकीकतींतला जो भाग मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो, तो सांगतों. त्याच १३२७ सालीं मठाला नवा महंत मिळाला. त्याचें नांव रिचर्ड, वॉलिंगफर्ड गांवचा. हा कोणाचा मुलगा? लोहाराचा. बाप भाता फुंकणारा. रिचर्ड दहा-एक वर्षांचा असतां बाप वारला. पोर हुशार पाहून गांवांतल्या एका मठाधिकाऱ्यानें त्याला संभाळलें, ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत धाडलें. तेथें त्यानें गणित व ज्योतिष यांत असें नांव कमावलें कीं त्याच्या तोडीचे विद्वान त्या काळीं इंग्लंडांत थोडे होते. ग्रहांचीं स्थानें काढायचें एक यंत्र त्यानें केलें. मठासाठीं त्यानें एक प्रचंड घड्याळ आंखलें; तें सूर्य-चंद्राची गति दाखवी आणि लंडनच्या पुलाखालीं भरती केव्हां येणार तेंही सांगे. राजा तिसरा एडवर्ड मठांत आला तेव्हां देऊळ पडायला आलेलें आणि घड्याळावर पैसा चाललेला पाहून त्यानें महंताला टोंकलें. महंतानें उत्तर दिलें कीं देवळाच्या भिंती बांधणारे महंत मागून पुष्कळ होतील. हें घड्याळ पुरें करणारा होणार नाहीं. उत्तर ऐटींतलें आहे, आणि खरेंही आहे. लोखंडाचें काम त्याच्या रक्तांत होतें, आणि त्याला विद्येची जोड मिळाली होती. शिवाय त्याला महारोग झाला होता. हातपाय झडत असतां, वाचा जात असतां तो काम करीत राहिला. अशा माणसाबद्दल आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

पण याच लोहाराच्या पोरानें पेठेची सनद परत घेतली. त्यानें एकेकाला खटल्यांत ओढलें, दंडांनीं जेर केलें. १३३१-३२ च्या सुमारास लोक हरले. सनद मठांत परत आली आणि घरोघरचीं जातीं उचलून मठांत नेलीं गेलीं. नेलीं तीं फोडलीं नाहींत, नदींत टाकलीं नाहींत. मठांत बाहेरच्या लोकांशीं बोलायची एक बैठकीची खोली होती. तिच्या जमिनींत त्या जात्यांचे दगड फरशी म्हणून बसवले. म्हणजे पेठेंतला कोणी कामाला मठांत गेला कीं त्यानें आपल्याच आईच्या जात्यावर पाय ठेवून उभें राहावें आणि महंताशीं हात जोडून बोलावें!

आपल्यांतला एक पोरगा शिकला कीं आपण हार घालतों, मिरवणूक काढतों. घालावा हार; मीही घालतों. पण रिचर्डाला मठानें शिकवलें आणि तो मठाचा झाला. त्याची विद्या खोटी नव्हती, त्याचे कष्ट खोटे नव्हते. त्याला स्वतःच्या घरचा भाता आठवला नाहीं एवढेंच. उलट कदाचित् असेंही असेल कीं तो फार आठवत होता, म्हणूनच तो जन्माच्या साधूंपेक्षां कडक झाला. हा माझा तर्क आहे. बखरकार त्याच्या मनांतलें सांगत नाहीं.

पन्नास वर्षें ती फरशी तशीच राहिली. मध्यें १३४९ चा प्लेग आला. मठाचा महंत आणि ४७ साधु मेले. गांवांत आणि खेड्यांत किती मेले त्याची मोजदाद कोण करतो! माणसें कमी झालीं तशी मजुरी वाढूं लागली, तर १३५१ सालीं पार्लमेंटनें कायदा करून जुनीच मजुरी बांधून दिली. त्यावर फ्रान्सशीं लढाईचा खर्च. त्यासाठीं डोईपट्टी बसवली. ती तीनदां बसली, आणि तिसऱ्या वेळीं पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागें एक शिलिंग. श्रीमंतालाही तेवढीच, मोलकऱ्यालाही तेवढीच. १३८१ च्या जून महिन्यांत इंग्लंडचा शेतकरी उठला. वॅट टायलर हा त्यांचा पुढारी, आणि जॉन बॉल हा त्यांचा उपदेशक. बॉल स्वतः पुरोहित होता, पण आदामाच्या वेळीं कोणी सरदार नव्हता आणि कोणी दास नव्हता, असें सांगत हिंडे; त्यापायीं त्यानें अनेकदां तुरुंग पाहिला होता.

सेंट आल्बन्सच्या लोकांचा पुढारी होता विल्यम ग्रिंडकॉब. हा माणूसही मठांतच शिकलेला, मठांत वाढलेला, साधूंच्या नात्यांतला. म्हणजे रिचर्ड आणि विल्यम दोघेही मठाच्या विद्येवर पोसलेले. एक गादीवर बसला, दुसरा वेशीबाहेर आला. ग्रिंडकॉब लोक घेऊन लंडनला गेला, वॅट टायलरला भेटला. टायलरनें वचन दिलें कीं जरूर पडली तर वीस हजार लोक घेऊन येईन आणि साधूंच्या दाढ्या करीन. दाढी म्हणजे मान, हें सांगायला नको. राजा रिचर्ड चौदा वर्षांचा पोर. त्याच्याकडून महंताच्या नांवें पत्र मिळालें कीं पेठकरांचे जुने हक्काचे कागद परत द्यावे.

मग पेठेंत काय झालें तें ऐका. मठाचा तुरुंग फोडून कैदी सोडले. रानाचीं कुंपणें व फाटकें मोडलीं. एक जिवंत ससा धरून आणला होता, तो खोड्यापाशीं बांधून टांगला. त्याचा अर्थ, आजपासून शिकार आमची. मग लोक मठाच्या त्या बैठकीच्या खोलींत शिरले आणि फरशी उखडली. जात्यांचे दगड बाहेर काढले, फोडले, आणि तुकडा-तुकडा घरोघर वांटला. रविवारीं देवळांत जशी आशीर्वादाची भाकर वांटतात तसे ते तुकडे लोकांनीं हातांत घेतले, असें बखरकार लिहितो. विचार करा, पन्नास वर्षें! ज्यांचीं जातीं नेलीं होतीं त्यांतले किती जिवंत असतील? नातवांनीं आजीचें जातें परत आणलें. त्या तुकड्यावर कांहीं दळतां येणार नव्हतें. तरी तो घरीं नेला.

कागदांचें मात्र निराळेंच झालें. बाजाराच्या चौकांत खांबापाशीं मठाचीं दप्तरें जाळलीं. पण लोकांना हवी होती एक विशेष सनद : ऑफा राजानें दिलेली, जिचीं मोठीं अक्षरें एक सोनेरी आणि एक निळें अशीं आहेत. ती मठांत दडवली आहे असा साऱ्या गांवाचा विश्वास. महंत टॉमस शपथेवर सांगे कीं असा कागद मीं पाहिला नाहीं. बहुधा तो कधीं नव्हताच. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला आपला हक्क हा सोन्याच्या अक्षरांत कोठें तरी लिहिलेला असणारच असें वाटत राहतें. अखेर महंतानें नवीन सनद लिहून दिली. आसपासच्या खेड्यांच्या रयतेनेंही येऊन आपापल्या सनदा लिहून घेतल्या.

पण लंडनला वॅट टायलर १५ जूनलाच मारला गेला होता. महिन्याभरांत राजा फौजेसह सेंट आल्बन्सला आला. बरोबर मुख्य न्यायाधीश ट्रेसिलियन. दिलेलीं वचनें राजानें परत घेतलीं. ग्रिंडकॉबला धरलें होतें. त्याला जामिनावर सोडून गांवांत पाठवलें, कीं त्यानें लोकांना समजावून सनदा परत करवाव्या. त्यानें लोकांपुढें उभें राहून उलटेंच सांगितलें : माझ्यासाठीं भिऊं नका, मिळालेला हक्क सोडूं नका, मी मेलों तर मोकळिकीसाठीं मरेन आणि त्यांत मला सुख आहे. हे माझे शब्द आहेत. त्याचा आशय हाच होता. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना फांशीं दिलें. जॉन बॉललाही याच गांवीं आणून १५ जुलै १३८१ रोजीं हाल हाल करून मारलें. पेठकरांनीं रात्रीं आपल्या माणसांचीं प्रेतें उतरवून पुरलीं. राजाला कळलें, तेव्हां हुकूम आला कीं ज्यांनीं उतरवलीं त्यांनींच आपल्या हातांनीं तीं कुजलेलीं प्रेतें साखळदंडांत पुन्हां टांगावीं. टांगावीं लागलीं. न्यायाधीश ट्रेसिलियन पुढें दरबारी भांडणांत सांपडला आणि १३८८ सालीं त्यालाही फांशीवर चढावें लागलें. पेठेला त्याचा उपयोग कांहीं झाला नाहीं.

ही हकीकत आपल्याला कोणीं सांगितली, तेंही पाहा. टॉमस वॉल्सिंगम म्हणून या मठांतलाच साधु होता. त्यानें लिहिलें. पेठकरांना तो मूर्ख, गुलाम, माजलेले म्हणतो, ग्रिंडकॉबला कृतघ्न म्हणतो. तरीपण फरशीची गोष्ट त्यानेंच नोंदली, आणि ग्रिंडकॉबचें शेवटचें भाषण त्यानेंच नोंदलें. बहुजनांच्या इतिहासाचें असेंच होतें. शत्रूच्या वहींतून आपली माणसें शोधून काढावीं लागतात. जोतीरावांनीं हें काम आपल्याकडे केलें.

पेठ गप्प बसली असें मात्र समजूं नका. १४०३ पासून १४१२ पर्यंत त्यांनीं बाजाराच्या मधोमध एक दगडी मनोरा बांधला, मठाच्या अगदीं समोर. त्यांत आपली घंटा लावली. तिचें नांव गॅब्रिएल, वजन सुमारें एक टन. तुम्ही म्हणाल, घंटेनें काय होतें? त्या काळीं घरोघर घड्याळें नव्हतीं. बाजार केव्हां उघडायचा, रात्रीं चूल केव्हां विझवायची, हें घंटा सांगे, आणि घंटा मठाची होती. वेळ मठाची होती. आतां पेठ आपली वेळ आपण वाजवूं लागली. ज्या मठांत लोहाराच्या पोरानें आकाशाचें घड्याळ आंखलें त्याच्या दारासमोर कारागीरांनीं आपलें घड्याळ उभें केलें. यासाठीं कोणाला फांशीं जावें लागलें नाहीं.

१४५५ आणि १४६१ सालीं सरदारांच्या भाऊबंदकीच्या दोन लढाया या गांवांत झाल्या, एक तर भर बाजाराच्या गल्ल्यांत. १४७९-८० च्या सुमारास गांवच्या एका शाळामास्तरानें छापखाना काढला. इंग्लंडांतल्या अगदीं पहिल्या छापखान्यांपैकीं तो एक. आणि १५३९ सालीं आठव्या हेन्री राजानें मठच बंद केला. लोकांसाठीं नव्हे, स्वतःच्या तिजोरीसाठीं. जमिनी दरबाऱ्यांच्या घशांत गेल्या. रयतेचा धनी बदलला इतकेंच.

तरी पेठेनें संधि दवडली नाहीं. १५५३ सालीं राजाकडून तिला स्वतःची सनद मिळाली. नगराध्यक्ष, नागरिकांची सभा, आठवड्याचे बाजार, स्वतःचें न्यायालय. मठाचें तें प्रचंड देऊळ लोकांनीं ४०० पौंडांस विकत घेतलें आणि त्याच्या एका भागांत मुलांची शाळा बसवली. सव्वादोनशें वर्षांपूर्वीं वेढा देऊन जें मागितलें होतें त्यांतलें बहुतेक आतां पैसे मोजून हातीं आलें. मठाची ती मोठी वेस, जिच्यांत महंताचा तुरुंग होता, ती पुढेंही पुष्कळ काळ तुरुंगच राहिली. १८७१ पासून तीही शाळेकडे आली.

इथें मला थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर तुम्हांला वाटेल कीं सनद मिळाली आणि रामराज्य झालें. पार्लमेंटचे प्रतिनिधि निवडण्याचा हक्क, ज्यासाठीं १३२७ सालीं वेढा पडला, त्याचें पेठेनें काय केलें? मतें विकलीं. निवडणूक आली कीं दलाल घरोघर फिरत आणि मतदार रोख पैसे घेत. इतका बोभाटा झाला कीं चौकशी बसून १८५२ सालीं पार्लमेंटनें खास कायदा करून या गांवचा प्रतिनिधि पाठवण्याचा हक्कच काढून घेतला. मत होतें थोड्यांना, विकणारेही थोडेच; शिक्षा सगळ्या गांवाला. महंतानें सनद हिसकावली तेव्हां लोक रडले होते. या वेळीं तीच वस्तु त्यांनीं आपल्या हातानें बाजारांत मांडली.

बायकांची गोष्ट राहिली. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत या भागांत गव्हाच्या काडांच्या वेण्या विणायचा धंदा फार चालला. त्या वेण्यांच्या टोप्या शिवीत. बायका-पोरें काड चिरून, ओठांत ओलें करून, चालतां-बोलतां वेणी विणीत आणि बाजारांत गुंडाळ्या करून विकीत. नेपोलियनाच्या लढायांत परदेशी माल बंद पडला तेव्हां भाव असा चढला कीं विणणाऱ्या बाईची कमाई कधीं कधीं नवऱ्याच्या शेतमजुरीच्या वर जाई. मोठे जमीनदार कुरकुरत, कीं बाया उर्मट झाल्या, शेतावर येईनात. लहान पोरांना वेणीच्या ‘शाळेंत’ घालीत. तेथें अक्षर थोडें आणि वेणी फार. पुढें चीन व जपानची स्वस्त वेणी आली आणि इथली विणकरीण बसली. आमच्या कोष्टी-साळ्यांना मँचेस्टरच्या कापडानें काय केलें तें आठवा. मँचेस्टरच्या देशांतल्या कारागिणीलाही तसाच दिवस पाहावा लागला.

१८५७ सालीं धान्याच्या सौद्यांसाठीं बाजारांत मोठी इमारत उठली, १८५८ सालीं आगगाडी आली, १८७७ सालीं जुनें देऊळ धर्माध्यक्षाचें मुख्य पीठ होऊन गांवाला शहराचा मान मिळाला. आज तेथले पुष्कळ लोक रोज गाडीनें लंडनला कामाला जातात. पण बुधवारीं आणि शनिवारीं त्याच सुपासारख्या जागेंत बाजार भरतो, भाजी येते, पाव येतो, कापड येतें. मनोरा उभा आहे. ९३ पायऱ्या चढून वर गेलें कीं एका बाजूला बाजाराचीं पालें आणि दुसऱ्या बाजूला मठाचें देऊळ दिसतें. नदीकांठीं मठाच्या जुन्या गिरणीची जागा अजून दाखवतात. जात्यांच्या फरशीची ती खोली मात्र आतां उरलेली नाहीं.

वेळ झाली आहे, आणि अध्यक्षांनीं दोनदां घड्याळाकडे पाहिलें. ज्यांना कांहीं विचारायचें असेल त्यांनीं आतां विचारावें, आया-बहिणींनीं आधीं.